देवदासनं पारोशी लग्न का केलं नाही?

दोघं लहानपणापासून एकत्र वाढलेली. घराला घर लागून. दोघंही ब्राह्मणांच्या घरातली. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, त्याचं तिच्यावर आहे. मग घोडं अडलं कुठे? 'देवदास' पाहिलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीत भाचरं जमली की २००२ चा संजय लीला भन्साळींचा चित्रपट कुणीतरी लावतंच, आणि मध्यंतराच्या आधीच मोठी भाची वैतागून म्हणते, "मावशी, सरळ पळून जायचं ना!" तिला 'तो काळच तसा होता' एवढं उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये. तो काळ नेमका कसा होता, कुठला हिशोब आडवा आला आणि त्यात माणसाची स्वतःची चूक किती, हे उलगडून सांगता येतं. मला ते मनापासून सांगावंसं वाटतं, कारण हिंदी चित्रपटांतल्या जवळजवळ प्रत्येक अपुऱ्या प्रेमकथेत या गोष्टीची सावली आहे.

गोष्ट मुळात बंगाली. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी ही छोटी कादंबरी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, पंचविशीच्या आसपास असताना लिहिली. ती छापायला ते स्वतःच फारसे राजी नव्हते. अखेर १९१७ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. म्हणजे त्यातला समाज १९०० च्या सुमाराच्या बंगालातल्या खेड्याचा आहे. हे साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तो हिशोब. देवदास मुखर्जी जमीनदाराचा धाकटा मुलगा. पारो, म्हणजे पार्वती चक्रवर्ती, शेजारच्या घरातली. आपल्याला दोघं एकाच जातीची वाटतात आणि तशी ती आहेतही. पण बंगाली ब्राह्मणांत तेव्हा कुळांची एक उतरंड होती. मुखोपाध्याय (म्हणजेच मुखर्जी), बंद्योपाध्याय, चट्टोपाध्याय, गंगोपाध्याय ही 'कुलीन' मानली जाणारी घराणी, आणि बाकीची त्यांच्या खाली. मुलगी बरोबरीच्या किंवा वरच्या कुळात द्यायची, आणि काही खालच्या कुळांतली करून घेणं म्हणजे आपली पायरी घसरणं, असा दंडक. पार्वतीच्या घराची आणखी एक अडचण होती. त्यांच्याकडे मुलीच्या लग्नात वरपक्षाकडून पैसे घ्यायची रीत होती. आपल्याकडे ज्याला देज म्हणत, तेच. महाराष्ट्रातही अनेक जातींत देज घेत असत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण हुंडा देणाऱ्या, स्वतःला उच्च समजणाऱ्या घरांच्या लेखी देज घेणारं घर म्हणजे 'मुली विकणारं घर'. पार्वतीची आजी मोठ्या आशेनं देवदासच्या आईकडे विषय काढते. आईला पारो आवडते, पण असल्या घरातली, आणि तीही अगदी शेजारची मुलगी सून म्हणून आणायची, हे जमीनदाराच्या इभ्रतीत बसत नाही.

भन्साळींनी यात बदल केला. त्यांच्या चित्रपटात पारोच्या आईचं माहेर नाचगाण्याचं दाखवलंय, आणि देवदासच्या घरच्या समारंभात तिला नाचायला लावून सगळ्यांसमोर तिचा अपमान होतो. प्रसंग डोळ्यांत भरतो, किरण खेर यांनी तो जीव ओतून केलाय. पण माझ्या मते त्यानं गोष्ट थोडी सोपी झाली. कादंबरीत कुणीच दुष्ट नाही. सगळे आपापल्या घराची रीत पाळतात, आणि त्या रीतीतच दोन माणसं चिरडली जातात. भन्साळींसारखी देवदासची दुष्ट वहिनी दाखवली की प्रेक्षकाचा राग तिच्यावर निघतो आणि रीत सहीसलामत सुटते.

पण 'पळून जायचं ना' याचं उत्तर अजून झालं नाही. त्यासाठी वारसाहक्काचा कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. देवदासवरच्या लेखांत त्याचा उल्लेख मला फारसा दिसला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिंदूंच्या वारसाहक्काच्या तेव्हा दोन मुख्य पद्धती होत्या. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, गुजरातेत आणि बहुतेक देशात, मिताक्षरा. तिच्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच वाटा मिळतो. बाप कितीही चिडला तरी वाडवडिलांच्या जमिनीतला मुलाचा भाग त्याला सहजासहजी हिरावता येत नाही. बंगालात मात्र दायभाग पद्धत होती. तिच्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाचा मालमत्तेवर काहीही हक्क नाही. बापाच्या मनात आलं तर तो विकेल, दान करेल, मृत्युपत्रात दुसऱ्याच्या नावे करेल. आता देवदासकडे पाहा. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, नोकरी नाही, अंगी कुठलं कसब नाही, कलकत्त्यातलं राहणं-खाणं वडील पाठवतील त्या पैशांवर. १७९३ च्या कायमधाऱ्यानं, म्हणजे जमिनीचा सारा कायमचा ठरवून देणाऱ्या इंग्रजांच्या व्यवस्थेनं, बंगालात जो जमीनदार वर्ग उभा राहिला, त्याची मुलं अशीच खंडाच्या पैशावर वाढायची. बापाचा शब्द मोडणं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी हातात काहीच नसणं. आपल्याकडचा त्याच वयाचा मुलगा निदान 'माझा वाटा द्या' असं म्हणू शकला असता. देवदासला तेवढंही म्हणायची सोय नव्हती.

यानं तो निर्दोष ठरत नाही. पण आज आपण ज्याला भित्रेपणा म्हणतो त्याच्या खाली जमिनीचा, पैशाचा कायदा होता, एवढं तरी दिसावं.

दुसरी गोष्ट वयाची. पडद्यावर पारो म्हणजे ऐश्वर्या राय किंवा सुचित्रा सेन. कादंबरीतली पार्वती, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा, तेराव्या वर्षात आहे. हे वाचल्यावर माझी भाची बराच वेळ गप्प होती. तेव्हा इंग्रजी मुलखात लग्नाला वयाची अट नव्हती. ती आली १९२९ च्या शारदा कायद्यानं, मुलीला १४ आणि मुलाला १८. आमच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी बालविवाहाला बंदी घालणारा कायदा १९०४ मध्येच केला होता. मला याचा अभिमान आहे, पण त्यातले आकडेही सांगायला हवेत: मुलीला १२, मुलाला १६. म्हणजे त्या काळच्या सगळ्यात पुढारलेल्या संस्थानातही तेरा वर्षांच्या पार्वतीचं लग्न कायदेशीरच ठरलं असतं. तिच्या आईवडिलांना जी घाई झाली होती ती घाई अख्ख्या देशाला होती. मुलगी तेरावं वर्ष ओलांडून घरात राहिली की गाव बोलायला लागायचं.

एवढा सगळा हिशोब विरुद्ध असताना त्या दोघांपैकी पाऊल कोण उचलतं? पार्वती. मध्यरात्री, एकटी, ती देवदासच्या घरात शिरते आणि त्याच्या खोलीत जाऊन उभी राहते. तेरा वर्षांच्या मुलीनं १९०० साली हे करणं म्हणजे काय, याचा विचार करा. कुणी पाहिलं असतं तर तिचं लग्नच काय, पुढचं जगणंही कठीण झालं असतं. ती येते, मनातलं सरळ सांगते. आणि देवदासच्या तोंडून पहिल्यांदा काय निघतं? कुणी पाहिलं तर नाही ना? लोक काय म्हणतील? तो तिला हाकलून देत नाही, प्रेमानं बोलतो, पोचवायलाही जातो. पण त्याची पहिली काळजी अब्रूची असते, आणि तिथेच गोष्टीचा निकाल लागतो.

तो वडिलांशी एकदा बोलतो. वडील संतापतात. तो सामान आवरून कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पार्वतीला पत्र लिहितो. आईवडिलांना दुखवून तिच्याशी लग्न करता येणार नाही, आणि आपलं तिच्यावर फार प्रेम आहे असं त्याला स्वतःला कधी वाटलंच नव्हतं, अशा अर्थाचं. पत्र पेटीत पडतं आणि त्याच क्षणापासून त्याला पस्तावा सुरू होतो. मला वाटतं, अख्ख्या कादंबरीत सगळ्यात खरी जागा ही आहे. तो खोटं बोलत नव्हता. जे माणूस जन्मापासून रोज समोर आहे, त्याच्यावाचून आपलं अडेल हे त्याला कधी तपासून पाहावंच लागलं नव्हतं.

बालमैत्रीचं हे गणित शरच्चंद्रांनी पहिल्या पानांपासून मांडून ठेवलंय. देवदास शाळेत मारामारी करून पळतो, आमराईत लपून बसतो, हुक्का ओढतो. पार्वती पदरात मुरमुरे बांधून त्याला नेऊन देते. चिडून तो तिला छडीनं मारतो, अंगावर वळ उठतात, आणि घरी विचारल्यावर ती सांगते, पंतोजींनी मारलं. त्याला मार बसू नये म्हणून. एकदा त्याचे तीन रुपये तिच्याकडे ठेवायला असतात. दारात गाणं म्हणत आलेल्या तीन वैष्णवी बायकांना ती तिन्ही रुपये देऊन टाकते. देवदास म्हणतो, मी दोनच दिले असते. ती समजावते, दोन रुपयांची तिघींत वाटणी कशी झाली असती? बिमल रॉय यांच्या १९५५ च्या 'देवदास'मध्ये वैष्णव जोडप्याच्या तोंडी मन्ना डे आणि गीता दत्त यांचं 'आन मिलो' आहे, त्याचं मूळ या प्रसंगात. एवढ्याशा प्रसंगात दोघांचा स्वभाव आला. तो राखून देतो, ती मागेपुढे न पाहता देते.

म्हणून तो कलकत्त्याहून धावत परत येतो तेव्हा पारोला नकार द्यावासा वाटला, यात मला काही नवल वाटत नाही. तळ्याकाठी दोघं भेटतात. तिचं लग्न हातीपोत्याच्या भुवन चौधरींशी ठरलेलं आहे. विधुर जमीनदार, मोठी झालेली मुलं. ती ताठपणे बोलते. त्याला ते सहन होत नाही आणि तो मासे धरायच्या गळाच्या काठीनं तिच्या कपाळावर मारतो. रक्त येतं. चंद्राला डाग असतोच, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. हा प्रसंग चित्रपटांनी फार हळवा केला, जणू ती प्रेमाची खूण. आजच्या मुलींना तो पाहून राग येतो आणि तो योग्यच आहे. लहानपणीचे वळ आणि हा घाव यांत वयाचा फरक आहे, वागण्याचा नाही.

लग्नानंतर पार्वती सासरचं घर चोख सांभाळते, सावत्र मुलांना जिंकून घेते. मग काडीमोड? तेही नव्हतंच. त्या काळच्या बंगालात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. बडोदे संस्थानानं तो हक्क १९३१ मध्ये दिला. देशभरातल्या हिंदूंना तो मिळाला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं, म्हणजे बरोबर त्याच वर्षी, ज्या वर्षाचा बिमल रॉय यांचा 'देवदास' आहे. तो चित्रपट पाहताना ही गोष्ट मनात ठेवली की पारोच्या सासरच्या खोल्या वेगळ्या दिसतात.

कलकत्त्यात देवदासवर जीव लावणाऱ्या चंद्रमुखीबद्दलही थोडं. तिला नुसती 'कोठ्यावरची बाई' म्हणून सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांना १८५६ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं, ते कलकत्त्याला मटियाबुर्जला येऊन राहिले आणि १८८७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यामागून लखनौची ठुमरी आणि कथक कलकत्त्यात आलं. देवदास ज्या शहरात दारू प्यायला शिकतो, त्या शहरातल्या अशा घरांत हे गाणं-नाचणं जिवंत होतं. भन्साळींच्या चित्रपटातलं 'काहे छेड मोहे' पंडित बिरजू महाराजांचं आहे, ते लखनौ घराण्याचे, आणि त्यांच्या पूर्वजांचा नवाबाच्या दरबाराशी थेट संबंध. म्हणून माधुरीचा तो नाच सुंदर तर आहेच, त्या जागी शोभतोही. बडोद्याच्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. आमच्या दरबाराचा कलावंत कारखाना हे रीतसर खातं होतं, त्यात गवई, वादक, तंजावरहून आलेल्या नर्तकी पगारावर होत्या. कलावंतिणीचा मान आणि तिची कुचंबणा हे दोन्ही इथल्या जुन्या पिढ्यांनी जवळून पाहिलेलं.

चंद्रमुखी देवदाससाठी धंदा सोडते, खेड्यात जाऊन साधी राहते. तिनंही निर्णय घेतला. गोष्टीतल्या दोन्ही बायका निर्णय घेतात, फक्त नायक घेत नाही. १९५५ च्या चित्रपटातल्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झालं, ते त्यांनी नाकारलं. आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या बरोबरीची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रपट पाहिलेला कुणीही त्यांच्या बाजूनं उभा राहील. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधी भेटत नाहीत. बिमल रॉय यांनी त्यांना एका रस्त्यावर आमनेसामने आणलं, एक शब्द न बोलता दोघी आपापल्या वाटेनं जातात. भन्साळींनी दोघींना एकत्र 'डोला रे' नाचायला लावलं. नाच मला आवडतो. पण दोन्हींतून एकच ठेवायला सांगितलं तर मी तो रस्ता ठेवीन.

या दोन्हींच्या आधीच्या चित्रपटाबद्दल सांगायचं तर प्रमथेश बरुआंनी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी १९३५ च्या सुमारास तो बंगाली आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला. बंगालीत देवदास स्वतः बरुआ, हिंदीत कुंदनलाल सैगल. त्या हिंदी चित्रपटाचे छायालेखक होते बिमल रॉय. वीस वर्षांनी त्यांनी दिलीपकुमारना घेऊन तोच विषय पुन्हा केला.

सैगलनी त्या चित्रपटात 'पिया बिन नाही आवत चैन' म्हटलंय. झिंझोटीतली ही ठुमरी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी घरोघरी पोचवलेली. आणि खाँसाहेब म्हटलं की बडोदेकराला दुसरी एक प्रेमकथा आठवल्याशिवाय राहत नाही. तरुणपणी ते इथे सयाजीरावांच्या दरबारात गायक होते. माने सरदारांच्या घरातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदं सोडलं, धर्म वेगळा, घराणं वेगळं, दरबाराचा रोष, सगळं पत्करून. म्हणजे शरच्चंद्र देवदास लिहीत होते साधारण त्याच सुमाराला, आमच्या गावात दोन माणसांनी ते केलं होतं जे देवदासला जमलं नाही. पुढे संसार मिरजेत झाला, मुलं झाली, सगळीच सुरेल. आणि १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्याही झाल्या. त्यांच्या एका मुलीनं आईच्या गावाचं नाव लावलं, त्या हिराबाई बडोदेकर. भाचीला मी हे सांगितलं ते एवढ्याचसाठी की, पळून जाणं तेव्हाही अशक्य नव्हतं. किंमत जबर होती, शेवट गोड होईलच अशी हमी नव्हती. पण खाँसाहेबांच्या हातात गळा होता, कुठल्याही गावी पोट भरू शकेल असा. देवदासच्या हातात बापाच्या मनीऑर्डरीखेरीज काय होतं?

शेवटाबद्दल नेहमी विचारलं जातं: फाटक बंद होतं ते खरं का? कादंबरीत पांडुआ स्टेशनवर उतरून, बैलगाडीनं लांबचा प्रवास करून देवदास पार्वतीच्या सासरच्या घरासमोर पोचतो, झाडाखाली पडतो आणि मरतो. तो कोण हे पार्वतीला उशिरा कळतं. ती धावत सुटते, नोकरचाकर तिला बेशुद्धावस्थेत उचलून आत आणतात. भन्साळींच्या चित्रपटात मिटत जाणारं ते प्रचंड दार मूळ पुस्तकात नाही. तिथे तो कोण हेच कुणाला वेळेवर कळत नाही, आणि हे दुःख जास्त बोचतं.

पहिल्यांदा पाहणार असाल तर १९५५ चा आधी पाहा. दिलीपकुमारांच्या चेहऱ्यापेक्षा पहिल्या अर्ध्या तासातल्या मुलांकडे लक्ष द्या, पुढचं सगळं तिथे ठरलेलं आहे. सैगलची गाणी वेगळी ऐका, रात्री, एकट्यानं. २००२ चा मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम. नितीन देसाईंनी उभे केलेले ते महाल फोनवर पाहून काही कळत नाही. आणि तिन्हींत पत्राचा प्रसंग आला की थांबवून पुन्हा पाहा. आमच्याकडे तिथे हमखास वाद होतो, माझा भाचा अजूनही देवदासची बाजू घेतो.